करंजदऱ्याचं दुपारचं वाचन

दिवाळीनंतर करंजदऱ्यात गेलं की निम्म्या घरांना कुलूप दिसतं. पाथर्डी तालुक्यातलं हे डोंगरकडेचं गाव. तरणी माणसं जीपगाड्या आणि ट्रक भरून ऊसतोडीला निघून गेलेली असतात. मागं राहतात म्हातारीकोतारी, शाळेतली पोरं आणि ग्रामपंचायतीला लागून असलेलं सार्वजनिक वाचनालय. वाचनालय म्हणजे एक खोली, चार कपाटं, एक लांब टेबल आणि जयमाला.

जयमाला या गावची सून. माहेर शेवगावकडचं. वडील रंभाजी आणि आई भिमाबाई यांनी उमेदीची सगळी वर्षं उसाच्या फडात घालवली, त्यामुळं जयमालाचं अर्धं लहानपण पाचटाच्या कोपीत, फडाजवळच्या झोपडीत गेलं. ती कोयत्याजवळ गेली की रंभाजी तिला हाकलायचे, "इकडं फिरकू नको, पुस्तकात बस." ती बसली. बारावी झाली, ग्रंथालयाचा प्रमाणपत्राचा कोर्स नगरला राहून केला, महेंद्रशी लग्न होऊन इथं आली आणि वाचनालयाची किल्ली तिच्याकडं आली. अंबाड्यात पेन्सिल खोचायची सवय, बोलणं सावकाश. खोटं बोलायची वेळ आली की तिची नजर खाली जायची आणि हात समोरची एखादी वस्तू सरळ करत राहायचे. महेंद्र तिला म्हणायचा, "तू राजकारणात गेली असतीस तर समदं टेबल आवरून ठेवलं असतंस." महेंद्र पाथर्डी ते करंजदरा जीप चालवतो. वर्तमानपत्रांचा गठ्ठा त्याच्याच जीपमधून दुपारी येतो.

अशाच एका हंगामात ग्रंथपालांसाठी एक ऑनलाईन प्रशिक्षण निघालं. वाचनालयातून लोकांसाठी कार्यक्रम कसे आखावेत, हा विषय. जयमालानं नाव नोंदवलं. गावात इंटरनेटपुरती रेंज मिळते ती वाचनालयाच्या मागच्या पायरीवर. तिथं ती मोबाईल गुडघ्यावर ठेवून, उन्हात पडदा दिसावा म्हणून डोक्यावरून पदर ओढून बसायची. पडद्यावरच्या बाकीच्या ग्रंथपालांच्या मागं काचेची कपाटं असत. जयमालाच्या मागं ग्रामपंचायतीची मुतारी होती, म्हणून ती कॅमेरा सहसा बंद ठेवी.

शिकवणाऱ्या वृषाली मॅडम पुण्याच्या. आवाज मऊ, पण प्रश्न टोकदार. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांकडून कार्यक्रमांची नावं मागवली. सगळ्यांनी तीच पाठवली: निबंध स्पर्धा, ग्रंथप्रदर्शन, जयंतीचं व्याख्यान. जयमालानंही तीच पाठवली होती.

"हे कुणी मागितलं होतं?" मॅडमनी विचारलं. मग त्या म्हणाल्या, "वाचनालयात काय हवं, असं लोकांना विचारू नका. ते तुम्हाला बरं वाटेल तेच सांगतील. रोजच्या जगण्यात तुम्हाला कशासाठी दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं, ते विचारा. आणि आपण ठरवून टाकू नका. ऐका."

हे जयमालाला फार पटलं. ती दुसऱ्याच दिवशी घरोघर निघाली.

लंकाबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सत्तरीच्या आतबाहेरच्या, सडपातळ, बोलायला धारदार. मुलगा गहिनीनाथ आणि सून चांगुणा कोल्हापूरकडच्या एका कारखान्यावर गेलेली. जयमालानं मॅडमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला.

"समद्याचसाठी," लंकाबाई म्हणाल्या. "म्हातारं मानूस म्हंजे खुंटीवरचा सदरा. कुनी काढंल तवा खाली यायचं."

"पण जास्ती कशासाठी, मावशी?"

लंकाबाईंनी शेंग हातात तशीच धरली. "बातमीसाठी. कारखान्याचा पट्टा कवा पडनार, हंगाम कवा सरनार, तिकडं अवकाळी झाला का, कुठं काय झालं. पोरगं फोनवर म्हनतं समदं बरं हाय. त्याचं बारमाही समदं बरंच असतंय. पेपरात खरं येतं म्हनत्यात. तू वाचून दाखव."

"दाखवते की."

"पर एक बोलनं करून घेते. मधलं गाळायचं न्हाई. वंगाळ असलं तरी वाचायचं."

आणि मग त्यांनी कारण सांगितलं. या भागात मेल्याची बातमी घरच्यांना सरळ सांगत नाहीत. फोन येतो तो घरी नाही, शेजाऱ्याच्या नाहीतर सरपंचाच्या मोबाईलवर, आणि त्यातही 'दवाखान्यात नेलंय, घरच्यांना एकदम सांगू नका' एवढंच म्हणतात. ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं, खोदून विचारायचं नाही. मग भाऊबंद जमतात, सरपणाची सोय बघतात, बाईच्या माहेरचं माणूस येऊन तिच्याजवळ बसेपर्यंत तिला कशात तरी गुंतवतात. जमलं तर दोन घास खाऊ घालतात, कारण पुढं दोन दिवस तिच्या पोटात काही जाणार नसतं. मायेचीच रीत आहे ती.

"आमचे हे हिरीवर दगडाखाली गेले," लंकाबाई म्हणाल्या. "समद्या गावाला ठावं हुतं. मला म्हनले दवाखान्यात नेलंय, तू जेवून घे, तालुक्याला जायचंय. मी बसले जेवाय. वर मिरची मागून घेतली. समदी माझ्याकडं बघत हुती, आन् मी मिरची खात हुते. ती भाकर अजून माझ्या घशात हाय, पोरी."

जयमाला म्हणाली, "गाळणार नाही, मावशी."

तसं दुपारचं वाचन सुरू झालं. मागच्या पायरीपाशी सतरंजी टाकायची, हिवाळ्याचं ऊन असायचं, आणि जयमाला पायरीवर बसून ओळीखाली बोट धरून वाचायची. आधी तिघीचौघी आल्या, मग दहाबारा, मग म्हातारेही भिंतीला टेकून बसू लागले. शेजारच्या आळीतल्या रंगुबाई सुरुवातीला पाण्याचा तांब्या घरून आणायच्या. का, ते जयमालाला ठाऊक होतं आणि रंगुबाईंनाही. लंकाबाई मात्र पहिल्याच दिवशी जयमालाच्या घरचा चहा बशीत ओतून प्यायल्या आणि रंगुबाईंना म्हणाल्या, "पी गं. मरत न्हाईस." पुढं तांब्या यायचा थांबला.

कारखान्यांच्या बातम्या सगळ्यांना हव्या असत. घोडेगावच्या बाजारात बैलजोडी काय भावानं गेली, ते म्हाताऱ्यांना हवं असे. पाथर्डीचं नाव पेपरात क्वचित यायचं, आणि आलं की ते टंचाईच्याच बातमीत. "ह्या पेपरवाल्याला आपन मेल्यावरच दिसतो व्हय?" रंगुबाई म्हणायच्या. अपघाताची बातमी आली की जयमालाचा आवाज बारीक व्हायचा. ती लंकाबाईंकडं बघायची, लंकाबाई मान हलवायच्या, आणि ती वाचायची. गाव कुठलं, टोळी कुठली, माणसं कोण. आपलं कुणी नाही म्हटल्यावर सतरंजीवरचे सगळे एकदम हलायचे, पदर सारखे करायचे.

प्रशिक्षणाच्या शेवटी मॅडम प्रत्येकाचा एक कार्यक्रम मोबाईलवरून बघणार होत्या. जयमालाचा दिवस माघात आला. मॅडमनी आधी एक यादी पाठवली होती: बसायची सोय, पिण्याचं पाणी, आवाज मागंपर्यंत जातो का, आणि कार्यक्रमाआधी सर्वांचे मोबाईल बंद. बाकी सगळं जयमालानं केलं. मोबाईलचं तिला फारसं पटलं नव्हतं. तिच्या श्रोत्यांची पोरं परगावी होती. ती ते सोडूनच देणार होती.

दुपारी ती सतरंजी झटकत असताना कानिफनाथ तात्या मागच्या दारानं आले. ते सरपंच, आणि वाचनालयाचे अध्यक्षही. माणूस भला, अडीअडचणीला धावणारा. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"ताई, मुकादमाचा फोन आल्ता. ट्रॉली उलटली तिकडं. गहिनीला दवाखान्यात नेलंय म्हनला. म्हातारीला एकदम सांगू नका म्हनला."

जयमालाला कळायचं ते कळलं.

"आणि चांगुणा?"

"तिचं काय बोलला न्हाई. म्हंजे असंल बरी. घोडेगावला लंकाबाईचा भाऊ हाय, त्याला सांगावा धाडलाय. तो येईस्तवर म्हातारीला हितंच बसवा. तुमचं ते ऑनलाईन हायच की आज. आन् मोबाईल तेवढा बंद करून घ्या तिचा. कुनीतरी येडं मानूस फोन करंल, आन् म्हातारी हितंच पडंल."

"तात्या, मी त्यांना शब्द दिलाय."

"कसला?"

"काही गाळणार नाही म्हणून."

"अवो, ते पेपरातलं," तात्या हळू आवाजात म्हणाले. "हे पेपरातलं हाय का? भाऊ येऊ द्या. एकट्या बाईला असं सांगत्यात का कुठं?"

ते बरोबरच म्हणत होते, असं जयमालाला वाटलं. तिचे वडील गेले तेव्हाही आईला, भिमाबाईला, असंच सांभाळलं होतं आणि सांभाळणाऱ्यांत जयमालाही होती. तिनं टोपली घेतली.

"आज पुण्याच्या मॅडम बघणार आहेत," ती सगळ्यांना म्हणाली. "त्यांची सूचना आहे, मोबाईल बंद करून ह्या टोपलीत ठेवायचे."

"माझा बंद करू नको," रंगुबाई म्हणाल्या. "परत चालू कराय नातू धुंडावा लागतोय."

हसले सगळे. लंकाबाईंनी कमरेच्या पिशवीतून बटणांचा मोबाईल काढला, पण सोडला नाही. "गहिन्याचा फोन आला तर?"

"अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे, मावशी," जयमाला म्हणाली आणि वर्तमानपत्रांच्या कडा एकमेकींशी जुळवू लागली.

टोपली तिनं आत टेबलाच्या खणात ठेवली. पुस्तकांच्या चवडीला टेकवून आपला मोबाईल उभा केला, पडद्यावर वृषाली मॅडम आल्या, सगळ्यांना नमस्कार केला. म्हाताऱ्यांनी पडद्याला हात जोडले. वाचन सुरू झालं.

नेमकी त्या दिवशी कोल्हापूरकडच्या कारखान्यांची बातमी होती. ऊस बराच शिल्लक आहे, गाळप अजून महिनाभर चालेल. लंकाबाईंनी बोटांवर मोजलं. "म्हंजी शिमग्याला येतंय बग पोरगं," त्या रंगुबाईंना म्हणाल्या. जयमालाचं बोट ओळीवरून घसरलं. ती तीच ओळ पुन्हा वाचायला लागली. पडद्यावर मॅडम हसून मान डोलवत होत्या.

अर्धा तास झाला. मॅडमनी छान छान म्हणत निरोप घेतला. लंकाबाई उठायला लागल्या. दारात तात्या उभे होते, त्यांनी मान हलवली. भाऊ आला नव्हता.

"अजून आहे की पेपर, मावशी," जयमाला म्हणाली. "बसा."

तिनं आतलं पान वाचलं, अग्रलेख वाचला, मुंबईच्या शेअर बाजाराचं वाचलं. तो आज करंजदऱ्यात कुणाच्या कामाचा होता, देव जाणे. वाढदिवसाच्या शुभेच्छा वाचल्या. गल्लीतून दोन माणसं सरपण घेऊन गेली, तेव्हा तिनं आवाज चढवला. सतरंजीवरची माणसं चुळबुळत होती. एकदोघांच्या कानावर काहीतरी आलं असावं, कारण ती आता पेपराकडं बघत नव्हती, लंकाबाईंकडं बघत होती. शेवटी जयमाला निविदांवर आली. कुठल्या तरी नगरपालिकेला गटाराचे पाईप हवे होते. अटी आणि शर्ती ती एक एक करून वाचू लागली.

"पोरी," लंकाबाई म्हणाल्या, "निविदा कवापासनं वाचाय लागलीस?"

जयमाला थांबली. लंकाबाईंनी सभोवती नजर फिरवली. एकेक चेहरा बघितला. ही बघणारी तोंडं त्यांनी पूर्वी एकदा बघितली होती.

"काय झालंय?"

तात्या पुढं झाले. "लंकाबाई, काय न्हाई. बसा. पानी प्या."

"तुला न्हाई इचारलं, कानिफ. हिला इचारलंय."

जयमालानं पेपर खाली ठेवला. "मावशी, गहिनीनाथचा अपघात झालाय. ट्रॉली उलटली."

"हाय का गेला?"

जयमालानं तात्यांकडं पाहिलं. तात्या म्हणाले, "दवाखान्यात हाय."

लंकाबाई खाली बसल्या. हा शब्द त्यांना ओळखीचा होता. त्यांनी हंबरडा फोडला नाही. फक्त हात पुढं केला आणि म्हणाल्या, "माझा मोबाईल दे."

जयमालानं खणातून टोपली आणली. तिनंच मोबाईल चालू केला. तो चालू होताच थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. बंद असताना आलेल्या फोनांचे संदेश एकामागून एक येत होते, आणि सगळे एकाच नंबरवरून. गहिनीनाथच्या. जयमाला ते बघत असतानाच तो वाजला.

लंकाबाईंचा मोबाईल जुना, त्याचा आवाज अंगणभर ऐकू जायचा. चांगुणा बोलत होती. सासूला ती आत्या म्हणे.

"आत्या, कुठं हुता? लावून लावून दमले. मला ह्यांच्या फोनवर तुमचाच नंबर लावता येतोय, दुसरं कुनाचं नाव वाचता येत न्हाई. आयला लाव म्हनत हुते, आत्या. सुद्धीवर हुते. सारखं तेच, आयला लाव, आयला लाव. डाक्टर म्हनला लावा, बोलू द्या. बंद लागत हुता. आत्ताच गेले. आत्ताच. तुमी कुठं हुता, आत्या?"

लंकाबाईंनी मोबाईल कानापासून खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. त्यातून चांगुणा अजून बोलत होती.

"तवा जित्ता हुता?" तात्या स्वतःशीच म्हणाले. "मुकादम दवाखान्यात म्हनला. आपल्यात तसंच सांगत्यात. मला वाटलं..." मुकादमानं खरं तेच सांगितलं होतं. रीतच अशी होती की खऱ्या दवाखान्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. घरोघर जाऊन माणसांना प्रश्न विचारलेल्या जयमालानंही तात्यांना, एकदा फोन लावून विचारा, एवढं म्हटलं नव्हतं.

भाऊ आला तेव्हा दिवस कलला होता. गहिनीनाथला दुसऱ्या दिवशी आणलं.

गावानं जयमालाला बोल लावला नाही. उलट काही बायका म्हणाल्या, बरं झालं, म्हातारीला लेकाचा तसला आवाज ऐकावा लागला नाही. तात्या मात्र चावडीवर सगळ्यांसमोर म्हणाले की चूक माझी आहे, त्या ताईंना मी सांगितलं होतं. ते खरं होतं. जयमालाला त्यानं हलकं वाटलं नाही.

दहाव्याच्या सुमारास वृषाली मॅडमचा अभिप्राय मोबाईलवर आला. मी निरोप घेईपर्यंत एकही श्रोता जागचा हलला नाही, कार्यक्रमाची गोडी त्यातून दिसते. संपूर्ण सत्रात एकही मोबाईल वाजला नाही, ही शिस्त कौतुकाची आहे. आता शेवटचा अहवाल पाठवा, म्हणजे प्रमाणपत्र देता येईल. जयमाला मागच्या पायरीवर बसून ते वाचत राहिली. मॅडमवर रागवावं असं त्यात काही नव्हतं. तिनं अहवाल पाठवला नाही. पुढं कधीतरी तात्यांनी सहज विचारलं, "ताई, ते प्रमाणपत्र आलं का? भिंतीला लावू की."

"नापास झाले, तात्या," ती म्हणाली. तात्यांनी पुन्हा विचारलं नाही.

लंकाबाईंकडं जायला तिला धीर व्हायला शिमगा उलटावा लागला. लंकाबाई ओट्यावरच होत्या. हातात काही काम नव्हतं. जयमाला खालच्या पायरीवर बसली.

"मावशी, मला काहीतरी बोला," जयमाला म्हणाली.

"काय बोलू?" लंकाबाईंचा आवाज पूर्वीसारखा धारदार नव्हता. "तू वाइटासाठी न्हाई केलंस. पर केलंस. गावाचं मला काय न्हाई वाटत, गाव तसंच हाय. तुझ्यासंगं मी बोलनं करून घेतलं हुतं."

"हो."

"काय म्हनला असता गं तो?" लंकाबाई म्हणाल्या. "तेवढंच डोक्यात फिरतंय. समदं बरं हाय म्हनला असता का दुसरं काय?"

जयमाला उठताना म्हणाली, "वाचन पुन्हा सुरू करू म्हणतेय. तुम्ही याल?"

"तू वाच. त्यांची पोरं हायेत तिकडं, त्यांना लागतंय. मी न्हाई यायची. तुझा आवाज आला की मला पाईपच ऐकू येत्यात."

त्या आल्या नाहीत, अजूनही येत नाहीत. पुढच्या हंगामात चांगुणा माहेरच्या टोळीबरोबर कोयत्यावर गेली आणि लंकाबाईंच्या घरात त्या एकट्या उरल्या. जयमालाचा आवाज त्यांच्या आळीपर्यंत जाऊ नये म्हणून वाचन आता मागच्या पायरीवर होत नाही, पुढच्या व्हरांड्यात होतं. तिथं रेंज अधूनमधून जाते, म्हणून सगळ्यांचे मोबाईल खिडकीच्या कट्ट्यावर, जिथं दोन दांड्या दिसतात तिथं, ओळीनं चालू ठेवलेले असतात. आवाज मोठा करून. कुणाचाही वाजला की जयमाला वाक्य अर्ध्यावर सोडते. माणूस उठून मोबाईल घेईपर्यंत आणि पलीकडून पहिला शब्द येईपर्यंत व्हरांड्यात कुणी खोकतसुद्धा नाही.

गेल्या पौषात रंगुबाईंचा वाजला. त्यांची दोन्ही पोरं साताऱ्याकडं आहेत. त्यांना गुडघ्यांमुळं पटकन उठता येईना, तेव्हा जयमालानंच मोबाईल नेऊन त्यांच्या हातात दिला. रंगुबाईंनी तो कानाला लावला. रिचार्जची जाहिरात होती, एक मुलगी हिंदीत काहीतरी भरभर सांगत होती. रंगुबाईंनी मधे तोडलं नाही. ती मुलगी बोलायची थांबेपर्यंत त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि तोवर जयमाला पेपरातल्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिली.